अतिखोल रीफ टँकसाठी दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन फूट किंवा त्याहून खोल रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलांचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, घरी ठेवायचा म्हटलं की पहिला अडथळा प्रकाशाचा येतो. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत, शब्द फक्त थोडे सारखे केलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अतिखोल टँक म्हणजे नेमका किती खोल?

घरगुती रीफ टँक बहुधा १८ ते २४ इंच खोल असतात, आणि बाजारातले बहुतेक दिवे याच मापासाठी बनवलेले असतात. ३० इंचांपासून खोल म्हणायला हरकत नाही. ३६ इंच आणि त्यापुढे, म्हणजे ९० ते १२० सेंटिमीटर, हा या पानाचा विषय. माप धरायचं ते पाण्याच्या पृष्ठभागापासून वाळूपर्यंतचं, काचेच्या उंचीचं नव्हे. चार फुटी काचेत वरची दोन इंच रिकामी आणि खाली चार इंच वाळू असेल तर तुमची खरी खोली साडेतीन फूटच आहे.

२. चार फूट खोलीला किती वॅटचा दिवा लागेल?

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. कोरलला काय मिळतं हे त्यातून कळत नाही. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शेवाळं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात. तो मोजायचं माप पीएआर: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडले. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. दुकानात गेल्यावर विचारायचा प्रश्न असा: इतक्या उंचीवर टांगल्यावर, इतक्या खोल पाण्यात, तळाशी पीएआर किती? उत्तर हवेत मोजलेल्या आकड्याचं मिळालं तर ते तुमच्या उपयोगाचं नाही.

३. इतकं पाणी असल्यावर प्रकाश पाण्यातच जिरतो ना?

हा सगळ्यांत रुजलेला गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वच्छ पाणी निळा प्रकाश फारच कमी शोषतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश एक मीटर शुद्ध पाण्यातून गेला तर जेमतेम एक टक्का कमी होतो. लाल मात्र भराभर जातो: ६५० नॅनोमीटरचा लाल सव्वा मीटरमध्ये एक तृतीयांश तरी कमी होतो. रीफच्या दिव्यात निळा मुख्य असतो, त्यामुळे चार फुटांत पाण्याने खाल्लेला प्रकाश हा तुमचा मोठा खर्च नाहीच.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. तिचा माथाच साधारण २० मीटर पाण्याखाली आहे, तरी तिथे प्रवाळ वाढतात, कारण किनाऱ्यापासून दूरचं ते पाणी नितळ आहे. आणि आपण चार फुटांची काळजी करत बसतो.

मग तळाशी अंधार का? दोन कारणं. पहिलं आणि मोठं, प्रकाश पसरतो. दिव्यातून निघालेला शंकू जसजसा खाली जातो तसा रुंद होतो, आणि तेवढाच प्रकाश जास्त जागेत वाटला जातो. यावर प्रश्न ४, ५ आणि ६ आहेत. दुसरं, टँकचं पाणी शुद्ध नसतं. खाण्याचे अवशेष, मेलेलं शेवाळ यांतून विरघळलेली पिवळट द्रव्यं साठत जातात आणि ती नेमका निळाच शोषतात. एक पांढरी पाइप आडवी पाण्यात धरून टँकच्या लांबीतून तिच्याकडे बघा. ती पिवळसर दिसली तर आधी अॅक्टिव्हेटेड कार्बन बदला, दिव्याचं नंतर बघू. मात्र बरेच दिवस पिवळ्या राहिलेल्या पाण्यात एकदम भरपूर कार्बन घालू नका. एका रात्रीत पाणी नितळ झालं की कोरलवर प्रकाश अचानक वाढतो आणि ती भाजतात. थोडा थोडा घाला.

४. दिवा पाण्याच्या अगदी जवळ आणला तर तळाला जास्त प्रकाश मिळेल का?

थोडा मिळेल, पण वरची कोरलं त्याची किंमत मोजतील. साधा हिशोब करून बघा. दिवा पाण्यापासून २० सेंटिमीटरवर आहे, रॉकचा माथा पाण्याखाली ३० वर आणि वाळू ११० वर. म्हणजे दिव्यापासून माथा ५० सेंटिमीटर आणि वाळू १३०. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो असं धरलं तर माथ्यावर वाळूपेक्षा जवळपास सातपट प्रकाश पडतो. आता तोच दिवा पाण्यापासून ६० सेंटिमीटरवर न्या. अंतरं ९० आणि १७० झाली, आणि फरक साडेतीनपटीवर आला.

प्रत्यक्षात प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, काचांवरून परततो, त्यामुळे दोन्ही आकडे याहून सौम्य येतात. पण दिशा तीच राहते. उथळ टँकमध्ये दिवा जवळ ठेवून चालतं. खोल टँकमध्ये दिवा वर न्यायचा, आणि वर नेल्यामुळे जो प्रकाश बाहेर सांडेल तो अरुंद लेन्सने आवरायचा. माझ्या मते खोल टँकचं निम्मं काम या एका बदलाने होतं. यात नवीन दिवा विकत घ्यावा लागत नाही, फक्त लांब वायर लागते.

५. लेन्स किती अंशांची घ्यावी?

९० ते १२० अंशांच्या लेन्स रुंद आणि उथळ टँकसाठी ठीक. ३६ इंचांपुढे ६० अंशांच्या आसपासची लेन्स किंवा रिफ्लेक्टर शोधा. ४० अंश वा त्याहून अरुंद लेन्स फार उंचावरून टांगायच्या दिव्यांनाच शोभते; घरात ती वापरली तर कोरलवर तेजाचा एक गोल ठिपका आणि बाजूला अंधार असं होतं. काही दिव्यांत लेन्स बदलता येते, काहींत चिकटवलेली असते. घेण्याआधी हे विचाराच.

६. मागची काच काळी रंगवून घेतली आहे. त्याने प्रकाशाला काही फरक पडतो का?

पडतो, आणि फारसं कुणी सांगत नाही. टँकच्या समोर उभे राहून तिरकं बाजूच्या काचेकडे बघा. तिच्यात माशांचं लखलखीत प्रतिबिंब दिसतं. ती काच पारदर्शक असूनही आतल्या प्रकाशाला आरशासारखी वागते. उभ्या रेषेपासून साधारण ६० अंशांच्या आत येणारा प्रकाश पाण्यात शिरला की बाजूच्या काचेवर आदळून पूर्ण आत परततो, आणि पुन्हा खाली जात राहतो. खोल टँकमध्ये तळापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा चांगला हिस्सा असा काचांवरून टप्पे खात आलेला असतो.

आता बाहेरून त्या काचेला ओलं बोट टेकवा. समोरून बघणाऱ्याला त्या आरशात बोटाचा ठसा उमटलेला दिसेल. जिथे कातडी काचेला घट्ट भिडली तिथे प्रकाश परतणं थांबलं. काचेला थेट मारलेला काळा रंग हेच सगळ्या काचेवर करतो. चिकटवलेल्या काळ्या फिल्मचंही तेच.

उपाय सोपा आहे. काळा अॅक्रिलिक शीट किंवा जाड कार्डशीट काचेच्या मागे, मध्ये थोडी हवा ठेवून उभा करा. समोरून काळीच पार्श्वभूमी दिसते आणि प्रकाशही आत राहतो. रंग मारून झाला असेल आणि टँक भरलेला असेल तर त्यासाठी टँक रिकामा करण्याइतकं हे गंभीर नाही. ब्लेडने बाहेरून खरवडता आला तर खरवडा. आतून काचेवर शेवाळ किंवा कोरलाइन नावाच्या कडक शेवाळाचा गुलाबी थर साठला तरी आरसा जातोच. बाजूच्या दोन काचा तरी पुसत जा, फक्त समोरचीच नको.

७. मेटल हॅलाइड, टी-५ की एलईडी?

खोल टँकचा जुना राजा मेटल हॅलाइड. ४०० वॅटचा एक बल्ब, चांगला रिफ्लेक्टर, आणि तळाशी नाचणाऱ्या प्रकाशरेषा. ज्यांनी त्याखाली टँक पाहिला ते विसरत नाहीत. पण बल्ब वर्षभरात बदलावा लागतो, आपल्याकडे तो सहज मिळत नाही, आणि उष्णता प्रचंड (प्रश्न १५). आज नव्याने सुरू करणाऱ्याला मी हॅलाइड सुचवणार नाही.

टी-५ नळ्यांचा (बारीक ट्यूबलाइटचा) प्रकाश एकसारखा पसरतो, सावल्या मऊ पडतात. एकट्या टी-५ वर तीन फुटांखाली एसपीएस (बारीक पॉलिपची, जास्त प्रकाश मागणारी दगडी कोरलं) वाढवणं अवघड आहे. जोडीला मात्र त्या उत्तम: मध्ये एलईडी, दोन्ही कडांना टी-५. फांद्यांच्या खालच्या बाजू त्याने जिवंत राहतात.

एलईडी घ्यायचे तर एका छोट्या जागेत दाट चिप असलेले, लेन्स किंवा रिफ्लेक्टरसह टांगायचे दिवे पाहा. पातळ पट्टीसारखे एलईडी बार खोल टँकला मुख्य दिवा म्हणून पुरत नाहीत.

८. दिवे किती लावू?

उथळ टँकला दर दोन फुटांना एक हे माप चालतं. खोल टँकमध्ये लांबीइतकीच रुंदीही मोजा. पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद टँकला एका ओळीत तीन दिवे लावले तर समोरची आणि मागची वाळू काळोखात राहते. तेवढीच ताकद दोन ओळींत, सहा लहान दिव्यांत वाटली तर शंकू खाली एकमेकांवर चढतात. वर जिथे शंकू अरुंद आहेत तिथे एकाच दिव्याचा प्रकाश, खाली जिथे एक दिवा कमी पडतो तिथे दोन-तीन दिव्यांची बेरीज. तळाला हवं ते हेच.

९. कोणत्या कोरलला किती पीएआर? तळाशी अॅक्रोपोरा ठेवता येईल का?

मशरूम आणि बहुतेक सॉफ्ट कोरलला ५० ते १०० पुरतो. युफिलिया, ब्रेन, अॅकँथोफिलिया यांसारख्या एलपीएसला (मोठ्या पॉलिपच्या दगडी कोरलांना) ८० ते १५०. अॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारख्या एसपीएसला २०० ते ३५०. हे अंदाज आहेत. एकाच जातीचं कोरल दोन टँकमध्ये वेगळं वागतं.

तळाशी अॅक्रोपोरा ठेवता येईल, पण तिथे २०० आणायच्या नादात माथ्यावर ७०० होईल. मग माथ्यावर काय ठेवणार? खोल टँकची खोली ही अडचण न मानता तिचा उतार वापरावा असं मला मनापासून वाटतं. रॉक अशी रचा की दोन-तीन खांब पाण्याखाली फूट-सव्वा फुटापर्यंत वर येतील. त्यांच्या खांद्यांवर एसपीएस, कमरेला युफिलिया, वाळूवर ब्रेन आणि अॅकँथोफिलिया. समुद्रातही रीफच्या उतारावर असंच असतं. तळाला ८० ते १०० मिळाला की टँक सुंदर चालतो.

१०. निळा किती, पांढरा किती?

वाढीसाठी ४२० ते ४८० नॅनोमीटरचा पट्टा मुख्य. पांढरा हवा तो आपल्या डोळ्यांसाठी आणि रंग खरे दिसावेत म्हणून. लाल आणि हिरव्या चॅनेलला ५ ते १० टक्क्यांपुढे नेऊ नका. खोलीसाठी लाल वाढवायचा सल्ला कुणी दिला तर प्रश्न ३ आठवा: तो तळापर्यंत जाताना एक तृतीयांश तरी कमी होतो, आणि वरच्या शेवाळाला खतपाणी मिळतं.

११. पीएआर मीटर महाग आहे. मोबाइलच्या अॅपने किंवा लक्स मीटरने चालेल का?

निळ्या एलईडीखाली दोन्ही फसवतात. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजला जातो, हिरव्या-पिवळ्याला झुकतं माप देऊन; निळा त्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मीटर विकत घेण्याची गरज नाही. दोन दिवस उसना किंवा भाड्याने आणा. अॅपोजी कंपनीचा एमक्यू-५१० मीटर पाण्याखाली मोजण्यासाठीच आहे. एमक्यू-५०० हाती आला तर पाण्यातल्या आकड्याला १.३२ ने गुणा, जुन्या एमक्यू-२०० ला १.०८ ने, जुना मीटर निळाही कमी दाखवतो.

चार फूट खोलीत हात पोचत नाही. अर्धा इंच पीव्हीसी पाइपला खाली एल्बो लावा, सेन्सर त्यावर दोन केबल टायने घट्ट बांधा, तोंड सरळ वर. पाइपवर दर १० सेंटिमीटरला मार्करने खूण करा. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालू असताना आकडा स्थिर राहत नाही, लाट सरकली की ९० वरून १४० आणि परत. १५ सेकंद बघून मधला लिहा. आणि वहीत टँकचा वरून दिसणारा नकाशा काढून त्यावरच आकडे लिहा. आठवणीवर ठेवलेले आकडे महिन्याभराने कामाचे राहत नाहीत.

१२. किती तास चालू ठेवू? नवीन दिवा लावताना काय जपायचं?

सकाळ-संध्याकाळच्या मंद प्रकाशासह ९ ते १० तास. दिवसभराची बेरीजही महत्त्वाची असते: १५० पीएआर आठ तासांऐवजी दहा तास मिळाला तर तळाच्या कोरलला चतुर्थांश प्रकाश जास्त मिळतो, तोही माथ्याचा जोर न वाढवता. बारा तासांपुढे मात्र जाऊ नका.

नवीन दिवा मीटर लावून जुन्याइतक्याच आकड्यावर सुरू करा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. मीटर नसेल तर निम्म्यावर सुरू करा. प्रकाश वाढला की कोरल सांगाडा जास्त वेगाने बांधतं आणि पाण्यातली अल्कलिनिटी भराभर उतरते, म्हणून त्या काळात डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) एक दिवसाआड तपासा. दिवा बदलल्यावर कोरल गेली म्हणून जी तक्रार येते, तिच्यात कितीदा तरी दोष अल्कलिनिटीचा निघतो.

१३. कोरल पांढरं पडलंय. प्रकाश जास्त झाला की कमी?

पांढरं कुठून सुरू झालं ते बघा. वरच्या, दिव्याकडच्या बाजूने फिकट झालं आणि कातडी शाबूत असेल तर प्रकाश जास्त. पूर्ण कोरल तपकिरी, मळकट होत गेलं तर बहुधा प्रकाश कमी किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त. बुडापासून कातडी सोलल्यासारखी निघून उघडा सांगाडा दिसत असेल तर त्याचा दिव्याशी बहुधा संबंध नाही; पाण्याची तपासणी करा. भाजलेलं कोरल फूटभर खाली किंवा सावलीत न्या. एकदा खाली नेल्यावर रोज जागा बदलत राहू नका, त्याला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात.

१४. वर्षभर छान चाललं, आता तळाची कोरलं आक्रसतायत. दिवा म्हातारा झाला का?

आधी स्वस्त कारणं बघा. दिवा बंद करून लेन्सवर बोट फिरवा. मिठाची खरखर लागली तर डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा. वर काचेचं झाकण असेल तर स्वच्छ काचसुद्धा आठेक टक्के प्रकाश घेते, मीठ आणि धूळ बसलेली त्याहून पुष्कळ. मासे उड्या मारतात म्हणून झाकण हवंच असेल तर बारीक जाळी लावा. पाण्याचा पिवळेपणा (प्रश्न ३) आणि काचा (प्रश्न ६) तपासा. हे सगळं ठीक असेल तर वर बघा: वर्षभरात अॅक्रोपोरा टेबलासारखी पसरली असेल आणि खालच्यांच्या डोक्यावर छत झालं असेल. तिची छाटणी करा.

१५. उन्हाळ्यात उष्णतेचं काय? आणि वीज गेली तर?

दिवा जेवढे वॅट खातो तेवढे शेवटी उष्णताच होतात. दोन ४०० वॅटचे हॅलाइड नऊ तास चालले तर रोज सात युनिटांहून जास्त, आणि वर ती उष्णता बाहेर काढायला चिलर. मे महिन्यात पाणी २७ अंशांवर ठेवायचं तर हे दुहेरी बिल आहे. दिव्याची वेळ दुपारऐवजी चार ते रात्री एक अशी ठेवली तर चिलरला बराच आराम मिळतो. कोरलला घड्याळ कळत नाही, रोज तीच वेळ मात्र हवी.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा लावू नका. एक-दोन दिवस अंधारात कोरल राहतात. वेव्हमेकर आधी, प्राणवायूसाठी.

१६. खिडकीचं ऊन चालेल का?

वरून येणारं ऊन सर्वोत्तम. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलचं १९८७ मध्ये सुरू झालेलं मत्स्यालय २५ लाख लिटरचा जिवंत रीफ उघड्या आकाशाखाली ठेवायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात २५ फूट खोल, सुमारे आठ लाख लिटरचा फिलिपिन्सचा रीफ आहे, आणि छतातल्या झरोक्यांतून त्याला ऊन मिळतं. घरातली खिडकी मात्र बाजूने ऊन देते. ते एका काचेवर शेवाळ वाढवतं आणि पाणी तापवतं, वाळूपर्यंत नीट पोचत नाही. गच्चीखालच्या खोलीत झरोका काढता आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा दिव्यांची संख्या ठरवण्याआधी पावसाळ्यातलं आभाळ धरून मोजा.

१७. जड दिवे उंच टांगायचे कसे?

स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून. फॉल्स सीलिंगच्या चौकटीला कधीही नाही. वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. ओळीवर आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) हवाच.

१८. कमी प्रकाशातच शोभणारी कोरलं आहेत का? मालवणहून आणता येतील?

लेप्टोसेरिस शंभर मीटरहून खोल पाण्यातही सापडतो आणि त्याचे काही प्रकार निळ्या प्रकाशात नारिंगी चमकतात. खोल टँकच्या सावलीतल्या कोनाड्यांसाठी याहून चांगलं काही नाही. ट्यूबास्ट्रियाला प्रकाश लागतच नाही, पण प्रत्येक तोंडाला आठवड्यातून दोन-तीनदा भरवावं लागतं, आणि चार फूट खाली ते कष्टाचं काम आहे.

मालवणहून मुळीच नाही. सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा उचलणंही गुन्हा आहे. मत्स्यपालनात वाढवलेले, कागदपत्रांसह आलेले फ्रॅगच (कोरलचे लावायचे तुकडे) घ्या.

१९. टँक अजून बनवायला दिला नाही. चार फूट खोल करू का?

उघड्या बाहीचा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला तर बोटं साधारण ७० सेंटिमीटरवर पोचतात. त्याखालचं प्रत्येक पडलेलं फ्रॅग लांब चिमट्याने उचलावं लागेल, आणि तळाशी नेमकी तीच कोरलं असतील जी चिमट्याने फाटतात. तुमच्याकडे जागा आणि पैसा तेवढाच असेल तर खोली ३० इंच ठेवा आणि उरलेली काच रुंदीत घाला. खोलीच हवी असेल तर दिव्याच्या हुकांची जागा आणि उंची टँक घरात येण्याआधी ठरवा. भरलेल्या टँकवर उभं राहून स्लॅबला भोक पाडता येत नाही.